बाराच्या काकूंचे अकरा बावीस

“आधी घड्याळ बघ, मग तोंड उघड.”

सासूबाईंनी हे एकदाच सांगितलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. नवी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पहाटे पडलेलं स्वप्न सांगत होती. स्वप्न लांबलचक होतं. त्यात एक हत्ती होता, शाळेतल्या दोन मैत्रिणी होत्या आणि हत्ती कुणाचा यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं. ते मिटेपर्यंत दूध उतू गेलं, इस्त्रीखालचा शर्ट जळाला आणि शर्टाच्या मालकाची बस चुकली. सुनेने हळूच विचारलं, “मग किती वाजता बोलू?” सासूबाईंच्या हातात दूध पुसायचं फडकं होतं. त्या कडाडल्या, “बारा वाजता!”

दुसरी कुणी असती तर दोन दिवस गाल फुगवून बसली असती. ही पडली देवभोळी. वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघालेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. दुसऱ्या दिवशी देवासमोर बसून तिने नेम घेतला: दुपारी बाराचा ठोका पडेपर्यंत मौन. त्या दिवसापासून ती साऱ्या इमारतीची ‘बाराच्या काकू’ झाली.

सुरुवातीला काकू पाटी बाळगत. पण एकदा भाजीवाल्याशी वांग्यांवरून पाटीवर वाद झाला. काकूंनी तीन उद्गारचिन्हं काढली आणि तिसऱ्याला खडू मोडला. घरी येऊन त्यांना वाटलं, ओरडण्यात आणि यात फरक तो काय? त्या दिवसापासून पाटी माळ्यावर गेली. मौनात लिहायचंसुद्धा नाही. फार तर मान हलवायची, बोट दाखवायचं, बास.

सासूबाईंना मात्र पुढे आपल्याच शब्दाचा पश्चात्ताप झाला. शेवटच्या आजारपणात सकाळी दहा वाजता त्या म्हणायच्या, “अगं, बोल ना काहीतरी.” काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायच्या. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. त्या गेल्या त्या दुपारी साडेबाराला. मधल्या अर्ध्या तासात काकूंनी त्यांना ते हत्तीचं स्वप्न पुन्हा सांगितलं, भांडण मिटेपर्यंत. सासूबाई बाराची वाट बघत थांबल्या होत्या असं काकू मानतात, आणि त्यांच्यापुढे कुणी ते नाकारत नाही.

काकूंचे नेम एकूण तीन. सूर्य उगवायच्या आत देवापुढे बसायचं, बारापर्यंत बोलायचं नाही आणि खोटं कधीच बोलायचं नाही. यातला तिसरा सगळ्यांत सोपा, असं त्यांना वाटे. अर्धा दिवस तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर खोट्याला जागा ती किती उरणार? हा हिशेब कुठे चुकला, तेच आता सांगायचं आहे.

सुरुवात केली दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. इमारतीतल्या बायका एकामागून एक त्यांच्याकडे जात. कुणाची छाती धडधडते, कुणाला झोप नाही, कुणाला उगाच रडू येतं. त्यांनी सगळ्यांना एकच चिठ्ठी लिहून दिली: ‘आठवड्यातून दोनदा एकत्र बसणे. गाणे, चित्र, माती, जमेल ते करणे. जेवणानंतर.’ औषधांच्या दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “हे आमच्याकडे येत नाही.”

मग गच्चीवर सभा भरली. सभेची सूत्रं मोठ्या बाईंकडे. या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माणूस आपसूक नखं तपासून घेतो. दुसऱ्या कंडक्टरबाई. बसमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या. त्यांचा आवाज गच्चीवरून निघाला की तळमजल्यावर पोचतो आणि तिथून तिकीट घेऊन परत येतो. शेवटच्या पायरीवर, उठून जायला सोपं पडेल अशा बेताने, टायपिस्टबाई बसल्या होत्या. यजमान गेल्यापासून दीड वर्षं त्यांनी दाराची कडी फक्त दूधवाल्यासाठी काढली होती. त्यांना वर आणलं होतं काकूंनी. न बोलता, नुसतं हाताला धरून.

“मंडळाला अध्यक्ष हवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी बाराच्या काकूंचं नाव सुचवते. कुणाचा विरोध?”

विरोध एकाच व्यक्तीचा होता, आणि तेव्हा वाजले होते सकाळचे अकरा. काकूंनी मान हलवली, दोन्ही हात हलवले, उभ्या राहून पदर झटकला.

“बघा, किती तो संकोच!” कंडक्टरबाई गहिवरल्या. “हल्ली अशी माणसं राहिली नाहीत. टाळ्या!”

बाराला काकूंनी तोंड उघडलं तोवर ठराव वहीत चढला होता, आणि मोठ्या बाईंच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

आता खोली हवी होती. वॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर एक होती, मोडक्या खुर्च्यांनी भरलेली. अर्ज घ्यायची वेळ साडेदहा ते साडेअकरा. अर्ज अध्यक्षांनीच द्यायचा. “बोलायचं मी बघते,” असं म्हणून कंडक्टरबाई सोबत निघाल्या. ऑफिसच्या जिन्यावर रांग होती आणि एक गृहस्थ ती मोडून पुढे घुसत होते. कंडक्टरबाईंच्या अंगातली एकतीस वर्षं जागी झाली. “ओ साहेब, मागून! चला, पुढे सरका, मधे जागा आहे, पुढे सरका!” पाच मिनिटांत जिन्यावरची माणसं दोन शिस्तशीर रांगांत उभी राहिली. तिकडे लग्न नोंदवायला आलेलं एक जोडपं चुकून जन्माच्या दाखल्यांच्या रांगेत गेलं, तेही कंडक्टरबाईंनी निस्तरलं. या सगळ्यात काकू एकट्याच खिडकीपाशी पोचल्या.

खिडकीतला कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने अर्ज वाचला आणि सुस्कारा टाकला. “काकू, प्रवर्ग लिहिलेला नाही. नुसत्या महिला म्हणून खोली मिळत नाही. काही विशेष आहे का तुमचं?”

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, ‘नाही’ असा हात हलवला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

कारकून थबकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “बोलता येत नाही? अरेरे. कधीपासून?”

मौन कधीपासूनचं, एवढंच काकूंना त्यात समजलं. त्यांनी दोन्ही पंजे दोनदा उघडले आणि वर सहा बोटं दाखवली.

“सव्वीस वर्षं!” कारकुनाने चष्मा काढून पुसला. पुढचा प्रश्न त्याने हातवारे करत, प्रत्येक शब्द वेगळा काढून, मोठ्याने विचारला. “बाकीच्या बायका? त्यासुद्धा? तुमच्यासारख्याच?”

वयाने, गुडघ्यांनी, झोपेने सगळ्या आपल्यासारख्याच, असा विचार करून काकूंनी मनापासून मान डोलावली. कारकुनाने कसलासा शिक्का शोधला, त्यावर फुंकर मारली आणि ठप्प करून उमटवला. उठून नमस्कारही केला. सरकारी ऑफिसात कुणी उठून नमस्कार केलेला काकूंनी प्रथमच पाहिला. आपल्या नेमाचं तेज असणार, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. त्याबद्दल त्यांनी त्या संध्याकाळी देवाची माफी मागितली. थोडी लवकर मागितली, एवढंच.

परवानगी चार दिवसांत आली. पलीकडच्या योगवर्गाला सहा वर्षं मिळाली नव्हती. इमारतीत काकूंचा जयजयकार झाला. मोठ्या बाईंनी पत्र लाल पेन घेऊन वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका सुधारल्या आणि समाधानाने घडी घातली. वरच्या कोपऱ्यात ‘क-७’ असं होतं. “खोलीचा क्रमांक,” त्या म्हणाल्या. त्या चूक असू शकतात ही कल्पना कुणालाच शिवली नाही, त्यांना तर मुळीच नाही.

खुर्च्या हलल्या, जळमटं निघाली, भिंतीला चुना लागला. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चार ते सहा चौदा बायका जमू लागल्या. एक तास चित्रं आणि माती, एक तास समूहगान. मातीची भांडी करायला घेतली की त्यांचे आपोआप नवरे होत. पोट सुटलेले, कान मोठे, काहीही ऐकू न येणारे. मोठ्या बाईंनी गाण्याच्या तासासाठी भिंतीवर तक्ता लावला: ‘गाताना तोंड पूर्ण उघडा. शेजारणीशी नंतर बोला.’ तिसऱ्या आठवड्यात टायपिस्टबाई दहा मिनिटं आधीच येऊन एकट्याच आवाज लावताना सापडल्या. काकूंना बघून त्या लाजल्या. मग म्हणाल्या, “काकू, ही खोली आपल्याकडे राहील ना? नाहीतर मी आत्ताच सवय मोडते.”

दुपारचे चार वाजले होते. काकूंनी तोंड उघडून, शब्दात सांगितलं, “राहील.”

दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि दारावर पाटी ठोकून गेला: ‘कर्णबधिर महिला कलाकेंद्र. प्रवर्ग क-७.’

पाटीखाली चौदा बायका उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही. मग काकूंना ती खिडकी आठवली, तो पुसलेला चष्मा आठवला, आपली सव्वीस बोटं आठवली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. “पाटीला काय घाबरायचं?” कंडक्टरबाई म्हणाल्या. “माझ्या बसवर एकतीस वर्षं ‘जलद’ लिहिलेलं होतं.” मोठ्या बाईंना नियमाप्रमाणे अर्ज मागे घेऊन नवा द्यावासा वाटत होता, पण त्याला लागणार सहा वर्षं, आणि योगवर्ग टपलेलाच. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या की कान तर आपले तसेही जातच आले आहेत, थोडं लवकर समजायचं. काकू मात्र हटून बसल्या. “हे खोटं आहे. मी उद्याच जाऊन सांगते.”

उद्या त्या गेल्या. ऑफिस साडेअकराला खिडकी बंद करत असे. बारा वाजून एक मिनिटाने काकू बंद खिडकीसमोर बोलायला मोकळ्या उभ्या होत्या. असं लागोपाठ चार दिवस झालं. पाचव्या दिवशी तपासणीची नोटीस आली: गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

“फक्त एक तास गप्प बसायचंय,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “आपल्याकडे तर सव्वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई आहे. त्या शिकवतील.”

“मी शिकवणार नाही. माझा तो नेम आहे, नाटकाची तालीम नाही.”

“काकू,” मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही कुठे खोटं बोलणार आहात? अकरा वाजता तुम्ही बोलतच नाही.”

मुख्याध्यापिकेशी वाद घालण्यात हाच धोका असतो. पलीकडे टायपिस्टबाई मातीच्या नवऱ्याचे कान पुन्हा पुन्हा गुळगुळीत करत होत्या. काकू गप्प बसल्या, दुपारी साडेचारला.

तालमी झाल्या. पहिल्या दिवशी मौन टिकलं चाळीस सेकंद. कंडक्टरबाईंचं मौन तर त्यांच्या बोलण्यापेक्षा मोठं. नाकातून सूं सूं आवाज, गळ्यात खाकरा, कुकर शिट्टीच्या आधी जसा थरथरतो तशी मान. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना शांततेत हसू येई आणि एकीला आलं की चौदा जणींना येई. मोठ्या बाईंना गप्प राहता येत होतं, पण दुसरी बोलली की “शू!” केल्याशिवाय राहवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी चौदा जणी भिंतीला लागून बसल्या. बरोबर अकराला अधिकारीबाई आल्या. हातात फाइल, मागे कारकून. आणि त्यांच्यामागून, कुणी न बोलावलेली, पन्नाशीची एक बाई. गळ्यात शिंप्याची टेप, ब्लाउजची शिवण अशी की इमारतीतल्या बायकांची नजर आधी तिथेच गेली. कारकून पुटपुटला, “या बाजारातल्या शिवणवाल्या ताई. पाटी वाचून आल्यात.”

शिवणवाल्या ताईंनी चौदा बायका पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांचे हात सुरू झाले. किती भराभर! बोटं जुळत होती, उघडत होती, छातीशी येत होती, हवेत काहीतरी आखून परत जात होती. पुष्कळ दिवस साठलेलं बोलणं होतं ते, हे न शिकलेल्यालाही कळावं. मग त्या उत्तरासाठी थांबल्या.

चौदा जणी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

कंडक्टरबाईंना वाटलं, आता आपणच सावरलं पाहिजे. त्यांनी हवेत दोरी ओढून दोनदा घंटा वाजवली, तळहात दाखवून बस थांबवली आणि बोटांनी ‘जागा नाही’ केलं. शिवणवाल्या ताई गोंधळल्या. मोठ्या बाईंनी वर्गाला बसवतात तसे दोन्ही हात खाली दाबले. वहिनींनी घाबरून टाटा केला.

शिवणवाल्या ताईंचे हात हळू झाले. त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली आणि भिंतीवरच्या तक्त्यावर जाऊन थांबली. तो काढायचा राहूनच गेला होता. ‘गाताना तोंड पूर्ण उघडा.’ त्यांनी तो वाचला. दुसरी ओळही वाचली. रागावल्या नाहीत. गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळू लागल्या, दुकान बंद करताना गुंडाळतात तशी.

ती टेप गुंडाळली जाताना काकूंनी पाहिली. तोंड न उघडताही खोटं बोलता येतं, हे त्यांना सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा बावीस.

“आम्हाला ऐकू येतं,” काकू म्हणाल्या. सकाळचा त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यांना स्वतःलाही तो नवा होता, गंज लागलेल्या कडीसारखा. “बोलताही येतं. फार येतं.”

“काकू!” कंडक्टरबाई किंचाळल्या. “अजून बारा वाजले नाहीत!”

“शू!” मोठ्या बाई म्हणाल्या.

मग धरण फुटलं. चौदा जणी एकदम बोलू लागल्या. चूक कुणाची, अर्ज कुणी लिहिला, डॉक्टरीण काय म्हणाली, योगवर्ग कसा टपलाय. अधिकारीबाईंच्या हातातलं पेन पडलं. कारकून सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणत होता, “पण तुम्ही सव्वीस बोटं दाखवलीत! मी मोजली!”

अधिकारीबाईंनी फाइल आपटून शांतता केली. सगळं ऐकून घेतलं, फाइलच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहून शिवणवाल्या ताईंपुढे धरल्या. ताईंनी पेन घेतलं आणि बराच वेळ लिहिलं. अधिकारीबाईंनी ते मोठ्याने वाचलं: “आम्ही दहा जणी आहोत. याच खोलीसाठी दोन वर्षांपूर्वी अर्ज दिला. ऑफिसने शेरा मारला: तीनदा फोन केला, अर्जदार बोलत नाहीत, अर्ज निकाली.”

कारकून छताकडे बघू लागला. छतावर जळमटंसुद्धा उरली नव्हती. बायकांनीच काढली होती.

“ही खोली तुमच्याकडून काढून घ्यायला हवी,” अधिकारीबाई म्हणाल्या. टायपिस्टबाईंनी पिशवी उचलली, कडी लावून घ्यायला निघाल्यासारखी. काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शिवणवाल्या ताईंनी ते मनगट पाहिलं. त्यांनी पुन्हा पेन मागितलं आणि एकच ओळ लिहिली: ‘सकाळ आमची, दुपार त्यांची. आवाजाचा आम्हाला त्रास नाही.’ हे लिहून त्या इतक्या खोडकर हसल्या की कंडक्टरबाईंनाही आपला पराभव मान्य करावा लागला.

अधिकारीबाईंनी नियम चाळले. “चालेल. पण परवानगी जुन्याच अध्यक्षांच्या नावावर राहील. किल्ली त्यांच्याकडे. नवा कागद होईपर्यंत त्यांनी रोज सकाळी नऊला खोली उघडून बारापर्यंत तिथे बसायचं. तुम्हाला जमेल? तिथे तुमच्याशी बोलायला कुणी नसेल.”

वहिनींना हसू आलं, आणि मग ते चौदा जणींना आलं.

“जमेल,” काकू म्हणाल्या. शिवणवाल्या ताईंकडे वळून त्यांनी छातीवर हात ठेवला. आजचं मौन मोडलंच आहे, तर नीट कामाला तरी येऊ दे, म्हणून पुन्हा सांगितलं, “येईन. रोज.” ताईंनी त्यांचे ओठ वाचले आणि हाताची दोन वळणं करून दाखवली, एकदा, मग सावकाश पुन्हा. ‘या, बसा.’ निघताना भिंतीवरच्या तक्त्याची दुसरी ओळ त्यांनी बोटाने दाखवली आणि मोठ्या बाईंना डोळा मारला. मोठ्या बाईंना डोळा मारणारी व्यक्ती यापूर्वी जन्मलेली नव्हती.

अकरा पन्नासला काकूंनी पुन्हा तोंड मिटलं. दहा मिनिटं तर दहा मिनिटं, उरलेला नेम तरी सांडायला नको. घरी काका दारातच उभे होते. बातमी काकूंच्या आधी पोचली होती. कंडक्टरबाई गच्चीवर होत्या.

“आज सकाळी बोललीस म्हणे?” काकांनी विचारलं.

काकूंनी बाराचा ठोका पडू दिला. “हो.”

“सव्वीस वर्षं मी सकाळचा या घरात चहा पितोय,” काका म्हणाले, “आणि बोललीस ती वॉर्ड ऑफिसात!” ते जेवेपर्यंत फुगून होते. जेवताना त्यांनी विचारलं, “काय बोललीस पण?”

“खरं.”

दुसऱ्या दिवशी काकू सूर्य उगवायच्या आधी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. मोडलेल्या नेमाचं काय प्रायश्चित्त घ्यायचं, ते विचारत होत्या. देवाचाही नेम बाराचा असावा, कारण उत्तर आलं नाही. साडेआठला त्यांनी किल्ली पिशवीत टाकली. काकांनी न विचारता दार उघडून धरलं.

रस्त्याला दुकानं नुकतीच उघडत होती. काकू चालता चालता पदराआड ती दोन वळणं पुन्हा पुन्हा करून बघत होत्या. ‘या’ जमत होतं, ‘बसा’ला अंगठा चुकत होता. आणि एक शंका काही केल्या मनातून जात नव्हती. पाटीवर लिहिणं मौनात बसत नाही. मग हातांनी बोलणं बसतं का? सासूबाईंना हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

कोपऱ्यावर शिवणवाल्या ताई आणि आणखी दोघी वाट बघत उभ्या दिसल्या. काकूंनी आधी घड्याळ बघितलं. नवाला दहा कमी. मग त्यांनी पिशवी खांद्यावर सरकवली आणि दोन्ही हात मोकळे केले.